हरिहररावांची पाठ

डोंबिवलीच्या दोन खोल्यांत माणूस काय वाटेल ते ठेवू शकतो. पाहुण्यांच्या गाद्या, लग्नात आलेली आणि कधीच न उघडलेली डिनर सेटची खोकी, मुलीची शाळेतली हार्मोनियम, बंद पडलेला पण 'चांगल्या कंपनीचा' मिक्सर. ठेवता येत नाही ती फक्त होडी. हे ज्ञान हरिहररावांना झालं तेव्हा होडी घरात फुगवून झाली होती.

होडी म्हणजे कयाक. दोघांनी बसायची, हवा भरायची, रंगाने भडक नारिंगी. खोक्यात होती तोवर घडी घातलेल्या सतरंजीएवढी दिसत होती, म्हणून हरिहररावांनी ठरवलं, एकदा फुगवून तर बघू. जेवणानंतरच्या शतपावलीऐवजी त्यांनी पायाचा पंप दाबायला घेतला. शुभदाताई चहाला उठल्या तेव्हा होडीचं एक टोक देवघराखाली गेलं होतं, दुसरं फ्रिजच्या दाराला टेकलं होतं, आणि नवरा सोफा आणि होडी यांच्यामध्ये अडकून उभा होता.

"अहो, मला दूध काढायचंय."

"डावीकडून वाकून काढ."

शुभदाताईंनी नुसतं पाहिलं. या पाहण्याचा अर्थ हरिहररावांना संसाराच्या पहिल्या वर्षीच कळला होता. त्यांनी हवा सोडायचं बूच फिरवायला घेतलं. ते फिरेना. होडी दारातून निघेना. दार उघडं, म्हणजे शेजार आत आलाच.

"काका, टाचणी लावा ना सरळ," समोरच्या जागृतीवहिनी म्हणाल्या.

"टाचणी नंतर," सोसायटीचे सेक्रेटरी सुदेश म्हणाले. ते तळमजल्यावर राहायचे, पण वरच्या मजल्यावर काही घडलं की त्यांना कसं कळायचं हे कोणालाच कळलेलं नव्हतं. "आधी मला सांगा, ही बिल्डिंगमध्ये आली कधी? वॉचमनकडे एंट्री नाहीये."

"खोक्यातून आली."

"म्हणजे खोकं आलं. होडी इथे तयार झाली. मग हे बांधकामात येतं की काय, बघावं लागेल."

शेवटी जागृतीवहिनींनी बुचाला खोबरेल तेल चोळलं आणि एवढा मोठा सुस्कारा टाकत होडी जमिनीवर बसली. पण पुन्हा घरात फुगवायची नाही हे शुभदाताईंनी सांगून टाकलं आणि हरिहररावांनी ती सरावासाठी पार्किंगमध्ये नेली. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'काही सभासद पार्किंगमध्ये जलवाहने ठेवत असल्याचे निदर्शनास आले आहे.' 'काही सभासद' म्हणजे कोण हे दूधवाल्यालासुद्धा माहीत होतं. समितीची बैठक बसली. होडी वाहन असेल तर तिला नंबरप्लेट हवी. सामान असेल तर सामायिक जागेत सामान ठेवता येत नाही. हरिहरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळी नोकरी पाण्याचा हिशेब ठेवण्यात घालवली होती आणि एकदाही पाण्यात पाय घातला नव्हता. पण समितीसमोर बोलायचं कसं हे खात्याने त्यांना शिकवलं होतं. ते म्हणाले, ही वस्तू धार्मिक कार्यासाठी आहे. समिती एकदम नरमली. होडी 'उत्सवी साहित्य' ठरली आणि गणपतीच्या मखराशेजारी तिला सन्मानाने जागा मिळाली.

आणि हरिहरराव खोटं बोलले नव्हते. कार्य धार्मिकच होतं, आणि त्यात त्यांची अब्रू अडकली होती.

शुभदाताईंचं माहेर कातळखोलचं, रत्नागिरीच्या खालच्या अंगाला. गावाच्या टोकाशी समुद्रात शिरलेला कडा आणि कड्याच्या पोटात एक घळ. आत पिंडी. नव्या जावयाला सासऱ्याने तिथे न्यायचं. जावयाने नारळ फोडायचा, एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, देवापुढे ठेवायची, उरलेली आणून सासूच्या हातात द्यायची. सासूने तिच्या वड्या करायच्या. पथ्य एकच. घळीत देवाला पाठ दाखवायची नाही. येताना तोंड पिंडीकडे ठेवून मागे मागे बाहेर यायचं.

लग्न झाल्यावर हरिहररावही गेले होते. तेव्हा ओहोटीला खडकांवरून चालत जाता यायचं. सासरे पुढे, हे मागे, पाणी गुडघ्याएवढं. घळीच्या तोंडाशी पोचले आणि एक लाट आत शिरली. आतून ढगांच्या गडगडाटासारखा आवाज आला. तो संपायच्या आत जावईबापू नारळासकट वळले होते.

वळले ते किनाऱ्यावर येऊन थांबले. पण त्यांचा मेहुणा शिवराम सांगायचा की भाऊजी जे पळाले ते थेट एसटी स्टँडवर. दर लग्नामुंजीत ही गोष्ट निघायची आणि दर वेळी तो स्टँड थोडा लांब सरकायचा. गेल्या मुंजीत तो पनवेलपर्यंत आला होता. 'पाठ दाखवलेला जावई' हे नाव मात्र जागचं हललं नाही.

सासूबाई विमलाबाई कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या शिवरामकडे ठाण्यात माजिवड्याला राहत, टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर. दर दिवाळीला जावयाच्या ताटात नारळाची वडी वाढायच्या आणि मऊ आवाजात म्हणायच्या, "बाजारच्या नारळाची आहे हो." बस. शिवरामच्या पनवेलपेक्षा हे वाक्य हरिहररावांना जास्त लागायचं. अलीकडे त्यात एक भर पडली होती. "तुमच्या नारळाची वडी खाल्ल्याशिवाय काही मी जायची नाही," असं त्या म्हणू लागल्या होत्या. त्यावर शिवराम हसून म्हणायचा, "मग भाऊजी, तुम्ही जाऊच नका. आई शंभरी गाठेल."

आणि आता लेकीचं, अंतराचं लग्न झालं. जावई सलील, कॉम्प्युटरवाला, गुणी, सासऱ्याला अजून सवयीने 'काका' म्हणणारा. लग्नाच्या जेवणातच शिवरामने जाहीर केलं, "सलीलला घळीत मी नेणार. सासऱ्याचा मान आहे, मान्य. पण सासऱ्याला वाट तर माहीत पाहिजे ना? मामेसासरा चालतो."

सगळी पंगत हसली. सलीलही हसला, कारण त्याला काही माहीत नव्हतं. हरिहररावांच्या हातात जिलबी तशीच राहिली. इतकी वर्षं ते अर्धे जावई होते. आता अर्धे सासरेही होणार होते.

"सलीलला मीच नेणार," ते म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

"चालायची वाट दरडीखाली गेली भाऊजी. आता कयाक लागते. पोहायला येतं तुम्हाला?"

"शिकेन."

शिकायला ते तरणतलावावर गेले. तिथे फलकावर लिहिलं होतं की पोहता येत असल्याशिवाय पाण्यात उतरू नये. हरिहररावांनी विचारलं, मग पोहायला शिकायचं कुठे? खिडकीतल्या माणसाने फार विचार करून सांगितलं, "ते इथे नाही." नियम म्हणून हरिहररावांना तो पटला. त्यांच्या खात्यातही असेच नियम होते.

म्हणून लाइफ जॅकेट घालून ते सलीलबरोबर खडवलीला गेले. नदी शांत होती. हरिहरराव होडीत एकटे बसले, वल्हं मारलं आणि होडी गोल फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा फिरली. डाव्या हाताला जोर जास्त, असं सलील काठावरून ओरडत होता. हात सरळ केले की होडी वाकडी, हात वाकडे केले की होडी आणखी वाकडी. काठावर एक कुटुंब कलश घेऊन आलेलं होतं. त्यातले एक गृहस्थ हात जोडून पुढे आले.

"काका, आजोबांच्या अस्थी आहेत. मधल्या धारेत सोडाल का? आमच्यात कोणाला पोहता येत नाही."

मलाही येत नाही, असं सांगणं हरिहररावांच्या जिवावर आलं. त्यांनी कलश मांडीवर घेतला. कसेबसे मध्यभागी गेले, अस्थी सोडल्या आणि परत यायला वल्हं मारलं, तर होडी त्याच जागी गोल. एक फेरा, दुसरा, तिसरा. काठावरच्या म्हाताऱ्या आजींना हुंदका आला. "बघा हो, परक्या माणसाने प्रदक्षिणा घातल्या!" काठाला लागल्यावर सगळं कुटुंब पाया पडलं. हरिहररावांनी गंभीरपणे आशीर्वाद दिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पण त्या दिवशी एक शोध लागला. चुकून उलटं वल्हवलं आणि होडी सुतासारखी सरळ गेली. मागच्या मागे, पण सरळ. पुढे जाताना तेलाच्या घाण्यासारखी गोल फिरणारी तीच होडी उलटी गेली की शहाणी व्हायची. सलीलने फोनवर बघून कारण सांगायचा प्रयत्न केला, पण हरिहररावांना कारणाची गरज वाटली नाही. आपल्याला एक तरी दिशा येते याचंच त्यांना समाधान होतं.

मग राहिला दिवस ठरवायचा प्रश्न. त्यासाठी सगळे माजिवड्याला जमले. शिवरामने फोन टेबलावर ठेवला. "ॲप घेतलंय मी. लाटा, वारा, ओहोटी, सगळं दाखवतं. माघातल्या तृतीयेला सकाळी सव्वानऊच्या पुढे ओहोटीचा तळ. आपण साडेआठला निघायचं. मी भाड्याची मोठी बोट घेऊन मागे असेन. भाऊजींना नाहीच जमलं तर सलीलला तिथून मी आत नेतो."

हे 'नाहीच जमलं तर' त्याने इतक्या मायेने म्हटलं की हरिहररावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"सव्वानऊ नाही," ते म्हणाले. "सव्वाआठ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तीन पाऊण सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठला ओहोटी. आमच्या वडिलांनी पाऊणकीचा पाढा पाठ करून घेतला होता."

"भाऊजी, तुमची पाठ आम्हाला माहितीये," शिवराम म्हणाला, आणि स्वतःच्याच कोटीवर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

अंतराही हसली, मग बापाचं तोंड बघून थांबली. खुर्चीतल्या विमलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अजून येते पाऊणकी?"

"वीस पाऊण पंधरापर्यंत येते."

"बरं," म्हणाल्या आणि वाती वळू लागल्या.

तृतीयेच्या सकाळी कातळखोलच्या किनाऱ्यावर हरिहरराव आणि सलील उजाडताच हजर झाले. शिवराम भावकीतल्या घरी घावन खात होता. "ॲपमध्ये वेळ आहे अजून," त्याने झोपाळू आवाजात सांगितलं होतं. अंतरा आणि शुभदाताई वाळूत उभ्या होत्या. हरिहररावांनी कमरेला धोतर बांधावं तशी दोन नारळांची पिशवी बांधली. एक सलीलचा. एक स्वतःचा, बराच उशीर झालेला.

सलील पुढच्या जागेवर बसला, हरिहरराव मागे. वल्ही पाण्यात पडली आणि होडी गोल फिरली.

"बाबा, उलटं!" अंतरा ओरडली.

हरिहररावांनी होडी फिरवली आणि कड्याकडे पाठ करून ते उलटे निघाले. किनाऱ्यावर जाळी सुकवणारी मंडळी उभी राहून बघू लागली. "ओ, तिकडं तोंड करा, तिकडं!" कोणीतरी ओरडलं. हरिहररावांनी हात हलवून नमस्कार केला. होडी सरळ चालली होती, मग जग काय म्हणतं याला अर्थ नव्हता.

घळीच्या तोंडाशी मात्र त्यांनी होडी वळवून घेतली. देवाकडे पाठ करून आत शिरायचं नव्हतं. पाणी तळाला गेलं होतं, अगदी पाऊणकीने सांगितल्याप्रमाणे. काळ्या कातळात फट होती, दोन्ही अंगांना हातभर मोकळीक. होडीचं नाक आत गेलं, आणि मागून एक लाट आली. ती त्यांच्या खालून आत घुसली आणि घळीने तोच आवाज काढला.

हरिहररावांनी तो लगेच ओळखला. इतक्या वर्षांत आवाज तसूभरही बदलला नव्हता. पण त्यांच्या आधी पुढचं वल्हं थांबलं. सलीलचे खांदे वर गेले होते, मान आखडली होती.

"काका, वळू या. प्लीज. मला नाही जमणार. वळवा होडी."

त्या क्षणी हरिहररावांना पुढचा सगळा रस्ता दिसला. आत्ता हा मुलगा वळला की प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत एक नवा एसटी स्टँड तयार होणार. गोरा, हुशार, बिचारा मुलगा म्हातारा होईपर्यंत बाजारच्या नारळाच्या वड्या खाणार. त्यांची स्वतःची भीती होती तिथेच होती, पण तिच्या डोक्यावर राग चढून बसला.

"वळायला जागा नाही," ते म्हणाले. "आणि असती तरी वळलो नसतो. सलील, माझ्यामागून म्हण. एक पाऊण पाऊण!"

"काय?"

"वल्हं मार आणि म्हण! एक पाऊण पाऊण!"

"एक पाऊण... पाऊण!"

"दोन पाऊण दीड!"

"दोन पाऊण दीड!"

घळ त्यांच्यावर गडगडली, हे तिच्यावर ओरडले. 'तीन पाऊण सव्वादोन'ला होडी वाकडी झाली तेव्हा कातळच दोन्ही बाजूंनी तिला सरळ करत होता. गोल फिरायला तिथे जागाच नव्हती. 'सात पाऊण सव्वापाच'ला दुसरी लाट आली, होडी उचलली गेली, आणि सलील जिवाच्या आकांताने ओरडला, "बाबा!"

"आहे मी मागे. आठ पाऊण?"

"सहा!" सलील म्हणाला. गणितात तो हुशारच होता.

आत पाणी शांत होतं. एका कट्ट्यावर पिंडी होती, साधी, काळी, वितीएवढी. वरच्या भेगेतून उजेडाची एक तिरीप खाली आली होती. कट्ट्यावर उतरून, गुडघे टेकून हरिहररावांनी आधी स्वतःचा नारळ फोडला. कवड ठेवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खारं पाणी उडालं असेल, असं ते नंतर म्हणाले. सलीलने सासऱ्याच्या डोळ्यांत समुद्र उडालेला पाहिला नव्हता. त्याने आपला नारळ फोडला, आणि पिंडीला हात जोडून दोघे होडीत बसले.

आता बाहेर पडायचं. देवाला पाठ दाखवायची नाही. होडी वळवायला जागाही नाही. मागच्या मागे, सरळ, न धडकता बाहेर निघायचं, आणि मागची वाट सांभाळायची ती मागे बसलेल्याने. चांगल्या चांगल्या वल्हेकऱ्याला इथे घाम फुटला असता. पण जगात हीच एक गोष्ट हरिहररावांना येत होती.

बाहेर शिवरामची मोठी बोट येऊन थांबली होती. बोटवाला मान हलवत होता. "पाणी चढाय लागलं सायब. आता आत नाय जायाचं."

"चढेल कसं? अजून उतरतंय, हे बघ," शिवराम त्याला फोन दाखवत होता. "आणि आमचे भाऊजी कुठायत? परत गेले वाटतं! मी म्हटलं नव्हतं? पुन्हा पाठ..."

तेवढ्यात घळीच्या काळ्या फटीतून ती पाठ बाहेर आली. आधी नारिंगी जॅकेट घातलेली, रुंद, जरा वाकलेली, शिवरामने हजार वेळा वर्णन केलेली. ती संथपणे उजेडात आली. मागोमाग होडी, मागोमाग सलील, दोघांची तोंडं अजून देवाकडे, आणि सलीलच्या दोन हातांत दोन कवडी. किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या. शुभदाताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि मध्येच हसत होत्या.

सलीलने बोटीला धरून शिवरामच्या फोनमध्ये डोकावलं. "मामा, ही ओहोटी ठाण्याच्या खाडीची आहे. खाली माजिवडा लिहिलंय."

शिवराम फोनकडे बघत राहिला. हरिहररावांना यावर बोलण्यासारखी निदान दहा वाक्यं सुचली. एकही त्यांनी उच्चारलं नाही. आयुष्यात इतकं गोड गप्प बसणं त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

सलीलची कवड त्याने शुभदाताईंच्या, म्हणजे स्वतःच्या सासूच्या, हातात दिली. हरिहररावांची कवड मात्र ओल्या पंचात गुंडाळून माजिवड्यापर्यंत त्यांच्या मांडीवर आली. विमलाबाईंनी ती हातात घेतली, अंगठ्याने चाचपली आणि कोणालाही स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. खोबरं शुभदाताईंनी खवलं तेवढंच. ढवळलं विमलाबाईंनी, खुर्चीवर बसून, ओट्याच्या कडेला हात टेकत.

वड्या पडल्या. विमलाबाईंनी एक उचलली. शिवरामचा चेहरा उतरला. आईचं ते 'खाल्ल्याशिवाय जायची नाही' त्याला आत्ता आठवलं होतं.

"आई, सगळी नको खाऊस हं," तो घाईने म्हणाला.

विमलाबाईंनी वडी अर्धी मोडली, अर्धी तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली. उरलेली अर्धी डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं. "ही पुढे कधीतरी. घाई कसली आहे?" मग त्या जावयाकडे वळल्या. "हरिहरराव, इकडे या. वळा बघू. पाठ करा माझ्याकडे."

इतक्या वर्षांनी हिशेब निघतोय असं हरिहररावांना वाटलं. तरी सासूबाईंचा शब्द मोडायचा कसा, म्हणून ते जमिनीवर बसले आणि त्यांनी पाठ केली.

विमलाबाईंचा सुरकुतलेला, खोबऱ्याचा वास येणारा हात त्यांच्या पाठीवर पडला. आणि त्या थोपटू लागल्या. हळूहळू, बराच वेळ, जसं एखाद्या दमून घरी आलेल्या मुलाला थोपटावं.